तिसरा वेढा

तीन दिवस पऱ्हाट्या पेटत नव्हत्या.
पेटायच्या, चर्र म्हणायच्या, निजायच्या.
आई म्हणे, ओल्या आहेत. बाबा म्हणत, वारा उलटा आहे.
चौथ्या दिवशी मी राखेत बोट घातलं
तर राख कणकेसारखी मळून आलेली.

मग बाबांनी लांब पेचकस मागितला.
एक टोक बंबाच्या पोटाला,
दुसरं कानामागच्या हाडाला.
अठ्ठावीस वर्षं जिनिंगात फिटर,
दोन्ही कान तिथल्या बॉयलरपाशीच ठेवून आलेले.
आता हाडानं ऐकतात.
"तिसरा वेढा," म्हणाले. "गयून राह्यला."

बंब आपला म्हणायचा.
खरं तर लोखंडी पिंप, आत विटांची चूल,
आणि आगीभोवती तांब्याच्या नळीचे नऊ वेढे.
एकीकडून थंड पाणी शिरायचं,
दुसरीकडून आंघोळ यायची.
जिनिंग बंद पडली तेव्हा थकल्या पगारात
कोणी खुर्च्या नेल्या, कोणी वजनकाटा.
बाबा हे वेटोळं सायकलला बांधून
अकरा मैल पायी आले.

हिंगणघाटात आता तांबट उरला नाही.
मुनाफभाई आहेत, ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतात.
लुनावर आले, मागे गॅसची बत्ती
आणि फ्रिजवाल्याकडून आणलेली नवी नळी,
गुलाबी, खेळण्यातली वाटावी अशी.
"डाख नाही टिकणार काका. पूरा वेटोळाच बदला."
बाबांना ऐकू गेलं नाही.
मी त्यांच्या तळहातावर बोटानं नऊ गोल काढले.
त्यांनी मूठ मिटली, मग मान हलवली.

जुनी नळी कापली.
आत पांढरं, थरावर थर,
बोअरचं खारं पाणी दगड होऊन बसलेलं.
मधे भोक उरलं होतं ज्वारीच्या दाण्याएवढं.
आई वाकून बघत राहिली.
"अन् मी म्हणो," ती म्हणाली,
"बादली भराले एवढा येळ काहून लागते.
वाटे, मीच घाई करत असन."

रिकामी नळी वाकवली की चेपते,
हे मला माहीत नव्हतं.
आधी तिच्यात वाळू भरायची.
वणेची, चाळलेली, तव्यावर भाजून कोरडी केलेली.
एक चिमूट, टकटक, पुन्हा चिमूट,
नळी मुकी होईपर्यंत.
टोकाला बोळा हवा होता.
सरपणातल्याच एका पऱ्हाटीवर
वेचायचं राहिलेलं बोंड निघालं.

बाभळीचा ओंडका उभा रोवला.
मुनाफभाई वाकवणार तोच बाबा उठले,
नळीचं टोक हातात घेतलं
आणि ओंडक्याभोवती चालू लागले, सावकाश,
एकेक वेढा मागे ठेवत.
आईनं तोंडाला पदर लावला.
"पाह्य वं, तुहा बाप वडाले सूत गुंडाळून राह्यला."
त्यांना हेही ऐकू गेलं नाही.
तिसऱ्या फेरीला मात्र थांबले,
अंगठ्यानं तो वेढा बाहेर सारला,
आगीपासून बोटभर लांब.
मुनाफभाईंनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

दिवेलागणीला चूल पेटली. चर्र नाही.
नळातून आधी नुसती हवा, मग काळं पाणी,
मग वाळू, मग वाफ.
बादलीच्या तळाशी मूठभर वणा, ऊन ऊन.
आईनं ती भांडी घासायला काढून ठेवली.
पहिली आंघोळ मुनाफभाईंनी करावी म्हणून
बाबा हट्टाला पेटले,
आणि ते बिचारे लुंगी मागून घेऊन खरंच बसले.

जुनं तांबं मजुरीत गेलं.
एक वेढा बाबांनी मागून घेतला,
कितवा ते सांगायला नको.
त्यावर आता माठ असतो, चुंबळीवर ठेवावा तसा,
थोडा कलता, कारण वेढा पुरा मिळत नाही.
माठ आपला पाझरतो दिवसभर.
त्याला कोणी काही म्हणत नाही.